शुभेच्छापत्रातील कोरी जागा

प्रश्न : शुभेच्छापत्र मी आवर्जून निवडून आणते, पण आतल्या कोऱ्या जागेत सही करण्यापलीकडे काही सुचत नाही. छापील मजकूर इतका सुंदर असतो की त्याच्याखाली माझी साधी वाक्ये लिहायला संकोच वाटतो. शिवाय एका मैत्रिणीच्या आईचे नुकतेच निधन झाले आहे. तिला कार्डातून काय लिहावे?

उत्तर : छापील मजकुराशी आपली तुलना करूच नका, कारण तो कोणालाही पाठवता यावा अशाच बेताने लिहिलेला असतो. व्यापारी तत्त्वावर छापलेले पहिले नाताळकार्ड म्हणून जे ओळखले जाते, ते १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चितारून घेतले. त्यावर शुभेच्छांची ओळ छापलेली होती आणि ते कोणाला व कोणाकडून एवढेच लिहिण्यापुरती जागा मोकळी होती. लिहिण्याचे श्रम वाचवण्याची ही सोय आजही उपयोगी आहे. मात्र ज्याच्या हाती कार्ड पडणार, त्याला ओळखणारे कोणीतरी लिहीत आहे, हे छापील ओळ सांगू शकत नाही. तेवढे आपण सांगायचे, आणि त्याला दोन-तीन वाक्ये पुरतात.

लिहायला बसण्यापूर्वी त्या व्यक्तीशी जोडलेली एकच ठळक गोष्ट आठवा. तिने केलेली मदत, दोघींनी मिळून पार पाडलेले एखादे काम, तिच्या स्वभावातील तुम्हाला भावणारी एखादी लकब, यांपैकी काहीही चालेल. ‘तू खूप चांगली आहेस’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते. परंतु ‘मी आजारी असताना तू रोज संध्याकाळी फोन करत होतीस आणि त्या फोनची मी दिवसभर वाट पाहत असे’ हे फक्त तुम्ही फक्त तिलाच लिहू शकता. त्यापुढे ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असे साधे शब्द आले तरी ते वजनदार होतात. मोबाइलवर आलेली चारोळी उतरवून काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती आपली नाही हे वाचणाऱ्याला बहुधा लगेच कळते. बोलताना ज्या व्यक्तीला आपण ‘तू’ म्हणतो, तिला कार्डातही ‘तू’च म्हणावे, एरवीच्या बोलण्यात नसलेली अलंकारिक भाषा कागदावर आली की जवळचे माणूसही परके वाटू लागते. जुन्या तक्रारी, राहून गेलेला खुलासा, उसन्या पैशांची आठवण यांना येथे जागा नाही. कार्ड कित्येकदा इतरांसमोर उघडले जाते आणि पुढे अनेक दिवस टेबलावर उभे राहते.

मैत्रिणीला लिहिताना अधिक जपायला हवे. ‘काळ हेच औषध आहे’, ‘त्या सुटल्या’, ‘तुझ्या मनात काय चालले असेल ते मला कळते’ अशी वाक्ये चांगल्या हेतूने लिहिलेली असली, तरी दुःख आवरते घेण्याची सूचना त्यांत दडलेली असते. त्यापेक्षा तिच्या आईचा थेट उल्लेख करा आणि तुम्हाला आठवणाऱ्या त्या कशा होत्या हे सांगा : ‘मी तुमच्याकडे अभ्यासाला येत असे, तेव्हा काकू आपल्या दोघींच्याही वह्या सारख्याच आस्थेने पाहायच्या.’ गेलेल्या माणसाची आपल्याला ठाऊक नसलेली एखादी आठवण दुसऱ्याकडून मिळणे, हे त्या दिवसांत फार मोलाचे असते. त्यांची तुमची भेट झालेली नसेल, तर मैत्रिणीच्या बोलण्यातून त्या तुम्हाला जशा कळल्या तसे लिहा. ‘काही लागले तर सांग’ असे म्हटल्याने मागण्याचे ओझे तिच्यावरच पडते, म्हणून ‘रविवारी सकाळी येऊन तुझ्यासोबत कागदपत्रे लावू लागते’ अशी तुम्हाला खरोखर पाळता येईल ती गोष्ट लिहा. उत्तर पाठवण्याची गरज नाही, हेही स्पष्ट लिहावे.

प्रश्न : गुळगुळीत कार्डावर शाई पसरते आणि मजकूर कडेला दाटतो. काय करावे?

उत्तर : अशा कागदात शाई लवकर मुरत नाही, त्यामुळे शाईपेन किंवा जेलपेनपेक्षा बॉलपेन बरे. कोणतेही पेन आधी कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात चालवून पाहा, आणि लिहून झाल्यावर कार्ड काही वेळ उघडेच ठेवा. मजकूर प्रथम कार्डाएवढ्याच साध्या कागदावर लिहून काढला, तर ओळी कुठे मोडायच्या ते कळते. जागा उरली म्हणून ती भरण्याची घाई करू नका. तारीख मात्र वर्षासह घाला. जपून ठेवलेले कार्ड पुढे हाती लागले की सर्वांत आधी तीच शोधली जाते.