३८३ स्ट्रोकर, थरथरणारा काटा आणि विंडेज ट्रे

प्रश्न : शेव्हरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकची (पिस्टनच्या चालीची) क्रँक टाकून ३८३ केलं. ५,५०० आरपीएमच्या वर ऑइल प्रेशरचा काटा थरथरतो. हाय-व्हॉल्यूम ऑइल पंप बसवूनही फरक नाही. विंडेज ट्रेने (क्रँक आणि ऑइल पॅन यांच्यामधल्या पत्र्याने) काम होईल का?

उत्तर : ट्रे लावाच, पण आधी तो पंप काढा. काटा थरथरतो म्हणजे पिकअप (पॅनमधून तेल ओढणारं पंपाचं तोंड) तेलाबरोबर हवा ओढतोय. मोठा पंप जास्त तेल वर चढवतो. हेडमधून ते तितक्या लवकर उतरत नाही, पॅन रिकामा होतो आणि ओघळणारं तेल क्रँकवर पडतं. क्रँक ते अंगाभोवती दोरीसारखं गुंडाळून घेते. पॉवर त्यात जाते आणि तेलाचा फेस होतो. दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय मिळत असेल तर साधा पंप पुरतो. मेन बेअरिंगचा क्लिअरन्सही मोजा. २.४५ इंची जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाला) ०.००२५ इंचाच्या आसपास हवा. सैल बेअरिंग क्रँककेसमध्ये उगाच तेल उडवत राहतं.

पिकअप पॅनच्या तळापासून ३/८ इंच हवा. प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून पॅन कसून बघा. पिकअपची नळी पंपाला ब्रेझ करून घ्या, नाहीतर कंपनाने निसटते. गरम करण्याआधी पंपातली रिलीफ स्प्रिंग (जास्तीचं प्रेशर सोडणारी) काढायला विसरू नका, उष्णतेने तिचा ताण जातो.

आता ट्रे. तुमचा स्ट्रोक ३.४८ वरून ३.७५ इंच झाला, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट प्रत्येक बाजूला जवळपास साडेतीन मिलिमीटर जास्त बाहेर फिरतात. ३५० साठीचा ट्रे तसाच लावला तर ते घासण्याची दाट शक्यता. ट्रे मेन कॅपच्या (मेन बेअरिंग धरणाऱ्या टोपीच्या) स्टडवर बसवा, आत प्लॅस्टिसिनची पट्टी लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सर्वांत पातळ जागी तीन मिलिमीटर उरले पाहिजेत. कमी असेल तर नट-वॉशरने ट्रे खाली घ्या. जाळीचा ट्रे असेल तर झडपांसारख्या फटींची तोंडं क्रँकवरून उडणाऱ्या तेलासमोर हवीत. उलटा बसला तर तेल त्यावर आपटून परत क्रँकवरच येतं.

पॅन घेताना गाडीच्या उजव्या (अमेरिकन गाडीत प्रवासी) बाजूला किकआउट, म्हणजे बाहेर काढलेला फुगवटा, असलेला बघा. समोरून पाहता क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरते, त्यामुळे तेल त्याच बाजूला वर फेकलं जातं.

आणि 'असू दे' म्हणून लीटरभर जास्त तेल ओतू नका, पातळी क्रँकच्या जवळ येते. पॅन बदलला की जुन्या डिपस्टिकची खूण धरू नका. गाडी सपाट जागी ठेवून पॅनच्या क्षमतेइतकं तेल मोजून ओता, फिल्टर भरेपर्यंत इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा आणि नवी खूण करा.