आजोबांच्या डब्यात तांब्याचं नाणं सापडलं. एका बाजूला फारसी, दुसऱ्या बाजूला नागरीत 'कच्छ भुज', शिवाय त्रिशूळ. हे इंग्रजांचंच ना? किती येतील?

इंग्रजांचं नाही. कच्छ संस्थानचं, भुजच्या टांकसाळीतलं.

'इंग्रजांचंच' हे वाक्य मी अकरावीत असताना काकांच्या तोंडून ऐकलंय. नाशिकच्या भांडीबाजारात ते तांब्यापितळेची मोड घ्यायचे. एका कच्छी शेजाऱ्यांनी दुकान आवरताना डबाभर नाणी वजनावर दिली. संध्याकाळभर पायरीवर बसून मी ती लावली. सर्वांत लहान त्रांबियो, दोन त्रांबियांचा दोकडो, तिनांचा ढिंगलो, सहांचा ढबू. (हो, आपल्या ढबू पैशासारखाच.) आणि २४ दोकड्यांची एक चांदीची कोरी. रुपये-आणे-पैशांशी काही संबंध नाही, हिशोबच निराळा. काकांना म्हटलं, वितळवू नका. शेजाऱ्यांनी त्यांना फारसी वाचून दाखवलं होतं. काका म्हणाले, "जॉर्जचं नाव आहे ना? मग इंग्रजांचंच. ते गेले, तांबं राहिलं." सकाळी डबा मुशीत गेला.

काका आता नाहीत, तरी सांगतो. नाव कोणाचं यावरून नाणं त्याचं होत नाही. कच्छच्या कोरीवर गुजरातच्या मुजफ्फरशहाचं नाव त्याची सल्तनत बुडाल्यावरही कित्येक पिढ्या चालू होतं. पुढे व्हिक्टोरिया आली, तिच्यामागून एडवर्ड, जॉर्ज. वर नाव सार्वभौमाचं, खाली कच्छचे राजे महाराव खेंगारजींचं, साल विक्रम संवताचं. १९३६ साली आठवा एडवर्ड वर्षभरही गादीवर टिकला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या नावाचं नाणं चलनात आलंच नाही, पण भुजने त्याच्या नावाची कोरी पाडली! भाजीवाली मोड म्हणून परत द्यायची ते दोकडे मात्र भुजचेच. सुटे ज्याचे, बाजार त्याचा.

किमतीचं म्हणाल तर तांब्याची नाणी भरपूर पाडली गेली होती, लाखांची स्वप्नं पाहू नका. व्हिडिओवाल्यांच्या नादी लागू नका. अर्थात एखादं साल दुर्मीळ निघू शकतं, तेव्हा विकण्याआधी नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे तिथे दाखवा.

आणि चिंच लावू नका. माझी समजूत काढायला काकांनी एक ढिंगलो बाजूला ठेवला होता. द्यायच्या आधी चिंचेने घासून असा लख्ख केला, की अजून कोणी जाणकार हातात घेतला की पहिलं विचारतो, "नकली का?"