कॉन्व्हिक्ट सिक्लिड माशाचा नर मादीला मारतोय, काय करू?

दोन फुटी टाकी, अंडी घातलेली, आणि नर मादीला कोपऱ्यात दाबून धरतो, असं तुम्ही लिहिलंय. तिचे पंख फाटले असतील तर आजच दोघांना वेगळं करा, उद्यावर टाकू नका. चौकोनी भोकांची प्लास्टिकची जाळी टाकीच्या मापाने कापून मध्ये उभी करा. पाणी फिरत राहतं, पण नराला पलीकडे जाता येत नाही. अंडी मादीच्या बाजूला हवीत. ती एकटीसुद्धा पिल्लं नीट सांभाळते, मी हे घरी पाहिलंय. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहायला लागतात.

टाकीत दुसरे मासे असतील तर त्यांना आधी हलवा, बिचारे हकनाक मरतील.

आणि उन्हाळ्याकडे लक्ष द्या. आपल्या इंदुरात मे महिन्यात टाकीचं पाणी सहज 30 अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात हे मासे जास्त भडकतात. हीटर बंद, झाकण उघडं, वर पंखा. 26 च्या आसपास आणा. नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला.

पुढच्या वेळी छोटं मडकं आडवं ठेवा, ज्याच्या तोंडातून फक्त मादीच आत शिरेल. जोडी कायम ठेवायची असेल तर मात्र तीन फुटी टाकी घ्याच.