मेल हरवले नाहीत, जुन्या पीसीतच आहेत

प्रश्न : आमचे सांगली मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. २०१२ पासून विंडोज ७ च्या पीसीवर विंडोज लाइव्ह मेल वापरतो, खाते जीमेलचे. २०२२ च्या जूनपासून तो सारखा पासवर्ड विचारतो आणि बरोबर पासवर्ड टाकला तरी घेत नाही. मोबाइलवर तोच पासवर्ड चालतो, म्हणून इतके दिवस मोबाइलवरच भागवले. आता नवीन पीसी घेतला आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, जुना फॉरमॅट मारून पोराला द्या. पण त्यात दहा वर्षांच्या हिशेबपट्ट्या, पावत्या, परपेठेच्या व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार आहे. तो नव्यात कसा न्यावा?

उत्तर : फॉरमॅट आज तरी मारू देऊ नका. जुन्या काळी ही खाती बहुधा पॉप पद्धतीने जोडलेली असत. पॉप म्हणजे सर्व्हरवरचा मेल उतरवून पीसीत ठेवणे, आणि बऱ्याच ठिकाणी उतरवला की सर्व्हरवरून पुसूनही टाकणे. तसे झाले असेल तर २०१५ ची पट्टी आज जगात एकाच जागी आहे, तुमच्या त्या जुन्या हार्ड डिस्कवर. खात्री करणे सोपे आहे : ब्राउझरमध्ये जीमेल उघडा आणि एखाद्या जुन्या व्यापाऱ्याचे नाव शोधा. २०१५-१६ चे मेल दिसले नाहीत, तर समजा पॉप होते.

पासवर्ड तुमचा चुकलेला नाही. नुसते नाव आणि पासवर्ड देऊन आत येणाऱ्या प्रोग्रामांना गूगलने ३० मे २०२२ पासून दार बंद केले. आता लॉगिन गूगलच्या स्वतःच्या पानावर होते आणि प्रोग्रामला फक्त परवानगीची चिठ्ठी मिळते. विंडोज लाइव्ह मेलला ही रीत येत नाही, आणि ती शिकवणारे अपडेट येण्याची आशाही नाही, कारण मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ पासून त्याची देखभालच थांबवली. एररच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक ९२ असतील, तर सर्व्हरने लॉगिन नाकारले असा अर्थ. ‘टू-स्टेप’ पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घेण्याचा सल्ला कोणी देईल. पण २०१७ पासून सुरक्षेची दुरुस्ती न मिळालेल्या प्रोग्राममध्ये दुकानाचा व्यवहार पुन्हा सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी जुन्या पीसीवर काम. विंडोज लाइव्ह मेल पूर्ण बंद करा आणि त्याचा अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. सी ड्राइव्हमध्ये ‘युजर्स’, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, पुढे ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि शेवटी ‘विंडोज लाइव्ह मेल’. ‘ॲपडेटा’ लपवलेला असतो, ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘हिडन फाइल्स’ दाखवा म्हणजे दिसेल. पुढे काही बिघडले तर ही कच्ची प्रत कामाला येते.

मग प्रोग्राम उघडा. डावीकडे वर निळे बटण आहे, त्यात ‘एक्सपोर्ट ईमेल’, ‘ईमेल मेसेजेस’, आणि प्रकार विचारला की ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज लाइव्ह मेल’. ठेवायला रिकामा फोल्डर लागतो. तो थेट ड्राइव्हच्या मुळाशी करा आणि नाव दोन-तीन अक्षरांचेच ठेवा. त्याचे कारण असे : प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल होते, आणि तिच्या पत्त्यात वरच्या सगळ्या फोल्डरांची नावे धरली जातात. विंडोजला सगळा पत्ता मिळून साधारण २६० अक्षरेच चालतात. ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये फोल्डरात फोल्डर करून ठेवले, तर पत्ता लांबलेले मेल कॉपी होताना अडकतात, आणि गडबडीत ‘स्किप’ दाबले की ते मागेच राहतात.

आता मोजणी, आणि ही टाळू नका. प्रोग्राममध्ये ‘सेंट आयटम्स’ उघडा, एकूण किती मेल आहेत तो आकडा लिहून घ्या. एक्सपोर्ट झालेल्या त्याच फोल्डरवर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, तिथल्या फाइलींचा आकडा जुळला पाहिजे. गोणी मोजून घेतो तसे एकेक फोल्डर मोजा. पत्त्यांची वही वेगळी काढावी लागते : ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये जाऊन ‘एक्सपोर्ट’, प्रकार सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल).

नव्या पीसीवर आम्ही थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम सुचवतो. फुकट आहे, डिसेंबर २००४ पासून सलग चालू आहे आणि मेल तुमच्याच डिस्कवर साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे पुढे कधी हाही बदलायचा झाला तर डेटा अडकून पडत नाही. खाते जोडताना ‘आयमॅप’ (मेल सर्व्हरवरच ठेवून तिथेच बघण्याची पद्धत) निवडा. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, दोन्हीकडे ‘एसएसएल/टीएलएस’, पडताळणी ‘ओऑथ२’ (वर सांगितलेली परवानगीच्या चिठ्ठीची रीत). गूगलचे पान उघडेल, तिथे परवानगी द्या. पान पुन्हा पुन्हा येऊन अडकत असेल तर थंडरबर्डच्या ‘प्रायव्हसी’ सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा, त्या चालूच लागतात.

जुने मेल आणायला ‘ॲड-ऑन्स’मधून ‘इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी’ घ्या. नावातला ‘एनजी’ बघूनच घ्या, त्याच्याशिवायचे जुने पूरक आताच्या थंडरबर्डवर चालत नाही. ‘लोकल फोल्डर्स’खाली ‘जुने मेल’ असा फोल्डर करा, त्यावर उजवे क्लिक करून या पूरकाच्या यादीतून डिरेक्टरीतले सगळे मेसेज, उपफोल्डरांसकट, आयात करा.

सगळे ओढून जीमेलवर चढवायचा मोह होईल. तो आवरा. आयमॅपने चढवायला गूगल वर्कस्पेसच्या (कंपन्यांसाठीच्या) खात्यांना दिवसाला ५०० एमबीची मर्यादा आहे, साध्या खात्यालाही तोच हिशेब धरून चाला. शिवाय फुकटची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह मिळून आहे. मोबाइलवर लागतील असे निवडक मेल वर चढवा, बाकीचे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वर्षावार राहू द्या. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा त्या वर्षांना हातच लावू नका.

दिवाणजींना एक गोष्ट नीट समजावून सांगा. आयमॅपमध्ये पीसी आणि मोबाइल एकाच पेटीत बघतात. ‘पीसी हलका करू’ म्हणून इनबॉक्समधला मेल पुसला, तर तो मोबाइलवरूनही जातो. पॉपची सवय असलेल्यांकडून पहिल्या महिन्यात हमखास घडणारी चूक हीच.

थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत ठेवतो. त्यामुळे दोन त्रास होतात. ती फाइल ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बसत नाही, पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या (आत काही नसेल तेव्हाच, कारण तेही फॉरमॅटच आहे). दुसरे, एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून अँटिव्हायरस अख्खी फाइल उचलून बाजूला टाकू शकतो आणि इनबॉक्स रिकामा दिसतो. थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर (मेल ठेवतो तो) अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत घाला.

बॅकअप दोन ठेवा, त्यातला एक सांगलीबाहेर. २०१९ च्या महापुरात दुकानातला पीसी आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदम पाण्यात जाण्याची वेळ किती ठिकाणी आली हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. विट्याला किंवा जतला पाहुण्यांकडे एक डिस्क ठेवली तरी पुरे. हे सगळे झाल्यावर जुना पीसी महिनाभर तसाच असू द्या, मग पोराला द्या.

प्रश्न : विंडोज १० मधला निळ्या पाकिटाचा ‘मेल’ चालत नाही. काही गेले का? (सदर बझार, सातारा)

उत्तर : बहुधा काहीच नाही. तो ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद झाला. जीमेल त्यात आयमॅपसारखेच जोडले जात असे, म्हणून मेल सर्व्हरवर आहेत, ब्राउझरमध्ये बघून घ्या. मायक्रोसॉफ्ट त्याऐवजी ‘नवीन आउटलुक’ देते. त्यात जीमेल जोडले की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवले जातात, हे माहीत असून चालत असेल तर जरूर घ्या. विंडोज १० ची मोफत अपडेट्सही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहेत.

प्रश्न : बाबा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या एक्सपीच्या पीसीवर आउटलुक एक्स्प्रेस आहे. पीसी सुरू होतो, पण तारीख दर वेळी मागे जाते. आतल्या डीबीएक्स फाइली मी पेनड्राइव्हवर घेतल्या, त्या नव्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. शिवाय काही मराठी पत्रे नुसती चिन्हे होऊन दिसतात. (वाई)

उत्तर : तारीख मागे जाते, कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. रुपयाएवढा चपटा गोल सेल, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदला. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अवैध’ ठरतात आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

पीसी सुरू होतो हे नशीबच. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये फोल्डर उघडा, यादीवर एकदा क्लिक करून कंट्रोल-ए दाबा आणि सगळे मेल ओढून डेस्कटॉपवरच्या उघड्या फोल्डरात सोडा, ईएमएल फाइली तयार होतात. पाचशे-पाचशेच्या गटाने करा, जुना पीसी गुदमरत नाही. पुढची वाट वरच्या उत्तरातली. एखादी डीबीएक्स आउटलुक एक्स्प्रेसमध्येच उघडेना झाली असेल, तर ‘अनडीबीएक्स’ हा मोफत प्रोग्राम तिच्यातून ईएमएल काढतो. काम नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइलीवर नको.

मराठी बिघडते ते तीन तऱ्हांनी, आणि ती डोळ्यांनी ओळखता येते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याला चिकटून कोपरे फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनची खूण, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’खाली ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबा, बहुतेक वेळा लगेच सुधारते. निरर्थक इंग्रजी अक्षरांची गर्दी असेल तर पत्र शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले आहे. एक्सपीच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तो फॉन्ट आधी उचलून ठेवा, मग फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासा, चुका तिथेच होतात. आणि नुसती प्रश्नचिन्हेच असतील तर मूळ अक्षरे पाठवतानाच पुसली गेली आहेत, ती कोणत्याही प्रोग्रामने परत येत नाहीत. ज्यांनी पत्र पाठवले त्यांच्या ‘सेंट’मध्ये ते शाबूत असू शकते. बाबांना त्यांना फोन करायला सांगा.