डोपामिनचा स्कॅन काढून घ्यावा का?

स्किझोफ्रेनिया आणि मेंदूच्या स्कॅनबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार आज घेते.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय. एमआरआय नॉर्मल आला. मग डोपामिन वाढलंय असं डॉक्टर कशावरून म्हणतात? त्याचा स्कॅन कुठे होतो?

एमआरआय काढतात ते गाठ, सूज, रक्तस्राव असं काही नाही ना एवढं बघायला. डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी पेट स्कॅन लागतो, म्हणजे आपल्याकडे कॅन्सरमुळे घराघरात माहीत झालेलं तेच मशीन, फक्त शिरेतून सोडायचं द्रव्य वेगळं. पण तुमच्या मुलाचा हा स्कॅन काढा असं मी सांगणार नाही. शंभर पेशंट आणि शंभर निरोगी माणसं घेतली तर सरासरीत फरक दिसतो, पण एकेकाचे आकडे मांडले की दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे एकट्या माणसाच्या आकड्यावरून आजार आहे की नाही हे ठरत नाही. निदान अजूनही त्याच्याशी आणि तुमच्याशी नीट बोलूनच होतं. डॉक्टर डोपामिनचं म्हणतात ते संशोधनावरून, तुमच्या मुलाचं डोपामिन कोणी मोजलेलं नाही.

प्रश्न : मी एमएस्सी करतोय. जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामिन मोजतात तरी कसं?

डोपामिन ज्या कच्च्या मालापासून बनतं त्या डोपाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून सगळी घाई असते. स्कॅनच्या तासभर आधी कार्बिडोपाची गोळी देतात (पार्किन्सन्सच्या औषधात असते तीच), नाहीतर बराचसा डोपा मेंदूत पोचायच्या आधीच शरीरात खर्ची पडतो. मग दीडेक तास डोकं न हलवता पडून राहायचं. ज्याला सतत आवाज ऐकू येतायत, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटतंय, त्याने त्या नळीत दीड तास झोपणं म्हणजे काय हे जरा डोळ्यांसमोर आणा, आज जे काही कळलंय ते अशा माणसांनी हे सोसलं म्हणून. तर स्ट्रायटम या मेंदूच्या खोलवरच्या भागात तो डोपा किती वेगाने साठतो ते मोजतात, त्यावरून डोपामिन किती बनतं ते कळतं, आणि पेशंटमध्ये सरासरीने तो वेग जास्त निघतो. १९९६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने वेगळ्या वाटेने, अ‍ॅम्फेटामिन (डोपामिन सुटायला लावणारं औषध) देऊन बघितलं, तर पेशंटच्या मेंदूत डोपामिन जास्त सुटत होतं. कपाळामागच्या भागात मात्र उलट, तिथे ते कमी सुटतं असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं, म्हणून 'डोपामिन जास्त' असं सरसकट म्हणू नका.

प्रश्न : डोस वाढवला तर भाऊ लवकर बरा होईल का?

याचं उत्तर पेटनेच दिलंय. टोरोंटोमध्ये शितिज कपूर यांच्या गटाने २००० साली पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ जणांना हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दिलं, तेही दिवसाला फक्त १ किंवा २.५ मिलिग्रॅम, आणि औषधाने किती डी-टू रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागांना डोपामिन चिकटतं त्या) अडवले ते मोजलं. साधारण ६५ टक्के अडले की फरक पडण्याची शक्यता वाढते, ७८ टक्क्यांच्या वर गेलं की हातपाय कडक होणं, थरथर, बेचैनी सुरू होते. म्हणजे मधली जागा अगदी चिंचोळी आहे. स्वतःहून गोळी वाढवू नका आणि कमीही करू नका, भाऊ अचानक ताठ चालायला लागला, चेहरा मख्ख झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : दोन औषधं पूर्ण डोसमध्ये झाली, बहिणीचे आवाज जात नाहीत. ती मनापासून प्रयत्न करत नाही असं घरचे म्हणतात.

हे वाचून फार वाईट वाटलं, घरच्यांना हे नक्की वाचून दाखवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०१२ साली औषधांनी बरे झालेले १२, औषध लागू न पडलेले १२ आणि निरोगी १२ अशांचे फ्लोरोडोपा (म्हणजे वर सांगितलेला फ्लोरिन जोडलेला डोपा) स्कॅन काढले. औषध लागू न पडलेल्यांचं डोपामिन बनण्याचं प्रमाण निरोगी लोकांसारखंच निघालं. गट लहान होता, पण अर्थ कळतो, जे बिघडलेलंच नाही ते अडवून आवाज कसे थांबणार? यात तिच्या प्रयत्नांचा संबंधच नाही. नेहमीच्या औषधांपेक्षा डी-टू रिसेप्टर कमी अडवूनही अशा पेशंटना उपयोगी पडणारं औषध आहे क्लोझापिन, आणि दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊन झाली असतील तर त्याबद्दल तुमच्या सायकियाट्रिस्टना स्पष्ट विचारा. पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच कळवायचं. लॅबला कोण घेऊन जाणार हे घरात आधीच ठरवून ठेवा, तिच्या एकटीवर सोडू नका.