नेब्युलायझेशननंतर नाडी वाढली, पुढचा डोस द्यायचा का?

प्रश्न : आमच्या वॉर्डात सीओपीडीचे (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) ६८ वर्षांचे रुग्ण आहेत, दाखल होईपर्यंत विडी ओढत होते. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन (मास्कमधून औषधाचा तुषार) दिवसातून चारदा आणि त्याच कामाचं दुसरं औषध डेरिफायलिन चालू आहे. दुपारी नाडी ९६ वरून ११८ वर गेली, हात थरथरत होते. पुढचा डोस थांबवू का?
– परिचारिका, सोलापूर

उत्तर : परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना कळवा. थरथर आणि धडधड सालब्युटामॉलने होतेच. शिवाय दम लागलेल्याची नाडी मुळातच पळत असते. दम उतरला की तीही बहुधा उतरते. डोसआधी आणि संपल्यावर १५ मिनिटांनी नाडी, पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास आणि एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) लिहा, दोन्ही बाजूंची छाती ऐका. छातीतली शिट्टी थांबली पण रुग्ण गुंगीत आहे, वाक्य पुरं करता येत नाही, तर हवाच आत जात नाहीये असं समजा. नाडी अनियमित लागली किंवा छातीत दुखलं तरी डॉक्टरांना तातडीने बोलवा आणि ईसीजी काढा. सालब्युटामॉल, स्टेरॉइड आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र असतील तर पोटॅशियम उतरतं. शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा.

मग औषध किती गेलं ते तपासा. रेस्प्यूलमध्ये (एका डोसची तयार कुपी) २.५ मिलीत २.५ मिग्रॅ असतं, त्यात काही मिसळायचं नाही. बाटलीतलं द्रावण मात्र मिलीला ५ मिग्रॅ. त्यातलं अर्धा मिली घेऊन नॉर्मल सलाईनने अडीच-तीन मिली करायचं. घाईत ‘अडीच’ म्हणून बाटलीतलं अडीच मिली ओतलं की १२.५ मिग्रॅ, म्हणजे पाचपट! नळाचं किंवा डिस्टिल्ड पाणी मिसळू नका, श्वासनळ्या आणखी आवळतात.

सीओपीडीत नेब्युलायझर हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा. ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय इलाज नसेल तर ६ मिनिटांत आटपा आणि एसपीओटू पुन्हा ८८–९२ टक्क्यांत आणा.

खरी काळजी डेरिफायलिनची. त्यातल्या थिओफायलिनची रक्तातली पातळी साधारण १०–२० मायक्रोग्रॅम प्रति मिली हवी. २० पलीकडे उलट्या, झोप उडणं, नाडीची गडबड, प्रसंगी थेट झटके. विडीच्या धुराने यकृत हे औषध लवकर निकामी करतं. विडी सुटली की त्याच डोसवर काही दिवसांत पातळी चढते, आणि विड्यांच्या या शहरात असे रुग्ण वॉर्डावॉर्डात भेटतील. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सनेही ती चढते. घरून आणलेली पिशवी उघडून डेरिफायलिनचीच गोळी आधीपासून चालू नाही ना, ते बघा. डेरिफायलिनचं इंजेक्शन सावकाशच द्या. भर्रकन दिलं तर बीपी कोसळतं, हृदयही थांबू शकतं.

प्रश्न : सासऱ्यांच्या दम्याच्या पंपाला लावायचा स्पेसर (प्लास्टिकची पोकळ नळी) कसा धुवावा?
– गृहिणी, विडी घरकुल

उत्तर : भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी आतून पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध छातीत जाण्याऐवजी भिंतीला चिकटतं. पंप हलवून एका वेळी एकच फवारा, त्यावर पाच सावकाश श्वास, मग दुसरा.