रॉकेल पोटात, दुखणे छातीत

प्रश्न : माझा नातू दीड वर्षाचा आहे. मे महिन्यात मुलगा आणि सूनबाई त्याला घेऊन गावी आले होते. घरात गॅस आहे, पण आंघोळीचे पाणी आम्ही अजून बंबावरच तापवतो आणि बंब पेटवायला लागणारे थोडे रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेले असते. नातवाने ती बाटली तोंडाला लावली. मी धावत जाऊन ती काढून घेतली, त्याला मिठाचे पाणी पाजले, घशात बोट घालून उलटी काढली आणि वर दूध दिले. उलटीनंतर मात्र तो खोकून खोकून बेजार झाला आणि त्याला धाप लागली. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पोट धुतले नाही. ऑक्सिजन लावला, छातीचा एक्स-रे काढला आणि तीन दिवस ठेवून घेतले. उलटी काढली म्हणून ते माझ्यावर रागावलेही. आमच्याकडे पूर्वीपासून असेच करत आले आहेत. माझे काय चुकले? याचा त्याच्या छातीवर कायमचा परिणाम राहील का?
– एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : आजी, खोकला उलटीनंतर वाढला, हे तुम्ही स्वतःच टिपले आहे आणि सगळे उत्तर तिथेच आहे. रॉकेल पोटात गेले की विष पोटात भिनते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पोटातून रॉकेल रक्तात फारसे शोषले जात नाही. खरा धोका असतो तो श्वासनलिकेत शिरलेल्या थेंबांचा. गोडेतेल दाट असल्यामुळे जागच्या जागी राहते, पण रॉकेल इतके पातळ आणि पसरणारे असते की ठसका लागताना घशातून निसटलेले थोडेसे रॉकेलही पाहता पाहता फुप्फुसात दूरवर जाते. फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा जो नैसर्गिक लेप असतो, तो या तेलाने बिघडतो. पिशव्या मिटतात, आतून सूज येते आणि मुलाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. मूल गुंगते तेही बहुतेक वेळा याच कारणाने. यासाठी फार रॉकेल लागत नाही, एक मिलिलीटरहून कमी द्रवही पुरतो.

दीड वर्षाच्या मुलाचा एक घोट जेमतेम चमचाभर असतो आणि चव वाईट असल्याने दुसरा घोट ते सहसा घेत नाही. हे चमचाभर रॉकेल पोटात राहिले असते, तर बहुधा पुढे सरकून गेले असते. उलटी काढल्यावर ते पुन्हा घशाशी आले आणि श्वासनलिकेत शिरण्याची आणखी एक संधी त्याला मिळाली. डॉक्टरांनी पोट धुतले नाही तेही याचमुळे, कारण नळी घालताना मूल ओकते. मिठाचे पाणी तर कोणत्याही विषबाधेत पाजू नये. लहान मुलाच्या रक्तातील मीठ त्याने धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. दुधाने रॉकेल मरत नाही, उलट पोट भरून उलटीची शक्यता वाढते. एरवी तुम्ही केले ते त्या काळच्या शिकवणीला धरूनच होते. अनेक विषांवर उलटी काढणे हा पूर्वी डॉक्टरांचाही सल्ला असे, त्यामुळे स्वतःला फार बोल लावून घेऊ नका.

अशा वेळी करायचे ते थोडेच आहे. मुलाच्या तोंडातले रॉकेल पुसून घ्यावे, भिजलेले कपडे चूल आणि बंबापासून दूर नेऊन काढावेत आणि अंग साबणाने धुवावे, कारण रॉकेल अंगावर राहिले तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते. मूल आपणहून ओकले तर त्याला कुशीवर वळवावे. मग १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. बाटलीत कीटकनाशक मिसळलेले असेल, तर उपचाराची सगळी दिशाच बदलते.

मूल खेळत असले तरी किमान सहा तास त्याच्यावर वैद्यकीय देखरेख हवी. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि काही तासांनी त्यात डाग उमटतात, असे अनेकदा घडते. पहिल्या एक-दोन दिवसांतला ताप बहुधा त्या तेलाने आलेल्या सुजेचा असतो, जंतूंचा नव्हे; म्हणून प्रतिजैविके लगेच सुरू केली नाहीत, तर नातेवाइकांनी डॉक्टरांशी वाद घालू नये.

आता शेवटची शंका. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. काही मुलांत पुढे केलेल्या श्वसनाच्या चाचण्यांमध्ये बारीक श्वासनलिकांचे किरकोळ दोष आढळले आहेत, तर क्वचित काही आठवड्यांनी फुप्फुसात हवेचे फुगे दिसतात, तेही बहुधा आपोआप जिरतात. नातवाला डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवून आणा आणि त्याच्यासमोर कुणी विडी-सिगारेट ओढणार नाही, एवढे पाहा. ती पाण्याची बाटली मात्र आजच मोरीतून हलवा. रेशनचे रॉकेल भेसळ ओळखता यावी म्हणून निळे केलेले असते आणि बाटलीत ते मुलाला सरबतासारखे दिसते. बिनरंगी रॉकेल तर पाण्यासारखेच दिसते. युरोपात दिव्याच्या रंगीत आणि सुगंधी तेलांच्या लहान बाटल्या घरगुती ग्राहकांना विकण्यावर २००० सालापासून बंदी आली, तीही मुले त्या तेलाला भुलत असल्यामुळेच.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये रॉकेलचा थेंबही नाही. पण एक वर्षाच्या मुलीने डास पळवणाऱ्या यंत्रातली बाटली काढून चोखली. हे वेगळे विष समजायचे का?
– एक वडील, पुणे

उत्तर : औषधाचे नाव वेगळे असले, तरी धोका पुष्कळसा तोच आहे. या द्रवांत कीटकनाशक साधारण दीड टक्क्याच्या आसपास असते आणि उरलेला बहुतेक भाग वास काढून टाकलेले रॉकेल किंवा त्याच जातीचे द्रावण असतो. रंगाचे थिनर, टर्पेंटाइन आणि बाइकसाठी बाटलीत आणलेले पेट्रोल हीदेखील याच कुळातली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी सिलिंडर पोहोचले आणि रॉकेलचे डबे कमी झाले. हे द्रव मात्र शहरी घरांत बेसिनखाली तसेच आहेत. उलटी काढू नका. मुलगी खोकली, ठसकली किंवा भरभर श्वास घेऊ लागली, तर लगेच रुग्णालयात न्या. काहीच लक्षण नसेल, तरी डॉक्टरांना दाखवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना बाटली हातात ठेवा, म्हणजे लेबलावर छापलेले घटक वाचून सांगता येतील.